अडुळसा, चांदी आणि समितीचे अध्यक्ष

एका गावात एक कॉलेज होते आणि त्या कॉलेजात सखाहरी नावाचा एक भोळा शिपाई होता. बाकी सगळे हुशार. त्यामुळे कामे सखाहरीलाच करावी लागत.

तो होता निकुंभ मॅडमच्या प्रयोगशाळेत. मॅडम चांदीच्या क्षाराच्या पाण्यात अडुळशाच्या पानांचा काढा घालायच्या. पाणी तपकिरी झाले, की समजायचे, चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार. हे कण डोळ्यांना मुळीच दिसत नाहीत, म्हणून शनिवारी ते पाहायला समिती येणार होती. समितीला पटले नाही, तर प्रयोगशाळा बंद आणि खोली लेझीम पथकाला. सहा वर्षांची मेहनत!

सोमवारी सखाहरीने पाने आणली आणि धुळीसकट उकळली.

“अहो सखाहरी, आणलेली वस्तू आधी तीनदा धुवायची!”

“बरं मॅडम.”

मंगळवारी शहरातून चांदीचा क्षार आला. सखाहरीने तो चाळणीत घेऊन नळाखाली तीनदा धुतला. तिसऱ्यांदा धुवायला काही उरलेच नव्हते, तरी धुतला. माणूस शब्दाचा पक्का.

मॅडमनी कपाळावर हात मारला. “अहो, हे धुवायचं नसतं! काळ्या कागदात गुंडाळून अंधारात ठेवायचं!”

“बरं मॅडम.”

बुधवारी अडुळशाची रोपे आली. ती काळ्या कागदात गुंडाळली गेली आणि कोठीत बंद झाली. शुक्रवारी बाहेर काढली तेव्हा सगळ्यांनी माना टाकल्या होत्या.

“अहो, ती जिवंत आहेत! जिवंत असेल त्याला उन्हात ठेवायचं, वरून पाणी घालायचं!”

“आसं व्हय? मंग जिवंत हाय का न्हाई, त्ये आदी बघाया पायजे.”

“बघा बाबा!”

शनिवारी मॅडमनी दुसऱ्या कॉलेजातून चिमूटभर क्षार मागून आणला आणि सगळे स्वतःच्या हातांनी केले. पाणी छान तपकिरी झाले. मॅडमच्या जिवात जीव आला.

समितीचे तिघे आले. आधी जेवण झाले, मग तपासणीची आठवण झाली. “सखाहरी, पाहुण्यांकडे बघा,” म्हणून मॅडम प्राचार्यांना बोलवायला गेल्या. सखाहरीने अगदी नीट बघितले.

मॅडम परतल्या, तर दोन सदस्य अंगणात भर उन्हात खुर्च्यांवर बसलेले, आणि सखाहरी झारीने त्यांच्या डोक्यावर पाणी घालतोय. हा सत्काराचाच प्रकार असेल, असे समजून तेही बिचारे गप्प भिजत होते.

“अहो, अध्यक्ष कुठे आहेत?” मॅडम किंचाळल्या.

“म्या तिगांस्नीबी इचारलं, सायब, जिवंत हाय का? ह्ये दोगं हो म्हनले. अध्यक्ष सायब डोळं मिटून बसल्यालं. काय बोललंच न्हाईत.”

“मग?”

“मंग काय? काळ्या कागदात गुंडाळून कोठीत ठिवलंय. काळजी करू नगा मॅडम, धुतलं न्हाई.”