कुंभारणीचं घर

भट्ट्या आणि किडे एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका कलामहाविद्यालयाच्या मातकाम विभागात, खिडकीच्या चौकटीवर एका कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. अंडी घालायची तेवढी बाकी होती.

खाली हेमांगी नावाची विद्यार्थिनी परीक्षेसाठी वाडगा करत होती. तिने वाडग्याला राखाडी लेप दिला आणि तो भट्टीत ठेवला. भट्टी निवल्यावर तिने दार उघडलं, तेव्हा कुंभारीण पंख हलवायचंच विसरली. राखाडी लेप मोरपिसासारखा निळा झाला होता. हेमांगीने टिचकी मारली, तसा वाडगा घंटेसारखा वाजला.

सगळे जेवायला गेल्यावर कुंभारीण भट्टीपाशी आली. “भट्टीबाई, माझी घरं पावसात विरघळतात हो. हे एक असंच पक्कं करून द्या ना.”

“देईन की,” भट्टी म्हणाली. “पण मी भाजलेली भिंत कुणाला पोखरता येत नाही. तुझी पोरं बाहेर कशी येणार?”

कुंभारीण खिडकीच्या चौकटीवर परतली. मग तिने कच्च्याच घरात अंडी घातली आणि चिखलाने तोंड लिंपून टाकलं.

काही आठवड्यांनी त्या भिंतीला आतून भोक पडलं. इवलंसं काळं डोकं वर आलं, पंख सुटे झाले आणि पिल्लू खिडकीतून उडालं. कुंभारीण बघतच राहिली.

“एवढी भांडी माझ्या पोटात भाजली,” भट्टी हळूच म्हणाली, “पण आतून उघडणारं भांडं आजच पाहिलं.”