सर्कशीचे पिवळे ड्रम

"अजून किती घासू, मास्तर?"

अंगणातल्या बाजेवर बसून बाबालाल मास्तर समोरच्या ड्रमकडे बघत होते.

"एकवीस दिवस झाले," अश्लेषा म्हणाली. "बोटांची सालं गेली. तरी पांढरा होत नाही." तिने पिशवी पुढे ओढली. "पिशवीत एक बाटली आहे. कारखान्यातून आणलीय. ती लावली की होईल. फक्त तुम्ही हो म्हणा."

मास्तरांनी पिशवीकडे पाहिलं. मग परत ड्रमकडे.

तासगावात बाबालाल मुल्लांना सगळे मास्तरच म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी सर्कशीच्या बँडमध्ये ड्रम वाजवला होता. झुल्यावरची माणसं त्यांच्या रोलवर विसंबून उडी घेत. दोन्ही काठ्यांचा तो थरथरता आवाज सुरू झाला की तंबू श्वास रोखायचा, आणि तो थांबला की वरच्याने हात सोडायचा. चाळीस वर्षांत तो आवाज एकदाही चुकीच्या जागी थांबला नाही.

आता मात्र हातच थरथरत होते. दोन वर्षं झाली, मास्तरांनी काठी धरली नव्हती.

अश्लेषा कुंभोजकर त्यांची शेवटची शिष्या. कुपवाडच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि दर रविवारी तासगावला येऊन शिकायची. हात चलाख. जीभ त्याहून चलाख.

जानेवारीत सर्कशीतल्या जुन्या कलावंतांचा उन्हाळ्यातला मेळावा ठरला, तेव्हा मास्तरांनी तिला बोलावून घेतलं.

"औंदा तू वाजवायचं. माझ्या सेटवर."

तिला खरं वाटेना. त्या सेटला मास्तरांनी आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता.

खोलीत पाच ड्रम रचून ठेवले होते. कधीकाळी ते मोत्यासारखे होते म्हणे. पेट्रोमॅक्सचे दिवे, तंबूतला बिडीचा धूर आणि गावोगावचं ऊन खाऊन आता त्यांचा रंग बशीत वाळलेल्या चहासारखा झाला होता.

"ह्या रंगात माझ्या मंडळींपुढं न्यायचे न्हाईत," मास्तर म्हणाले. "एक घरी घेऊन जा. पिवळं काढून आण. जमलं तर बाकीचे चार नेशील, आणि वाजवशीलबी तूच. न्हाई जमलं तर ऱ्हायलं."

"दोन दिवसांत आणते, मास्तर. रंग म्हणजे माझं रोजचंच काम."

"ने."

घरी आल्या आल्या तिने ठरवून टाकलं की वरचं पिवळं म्हणजे जुनं व्हार्निश. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि ड्रमच्या खालच्या कडेला फिरवला.

दोनदा घासताच बोळा चिकटला.

तिने तो ओढला, तर कापसाचे तंतू तिथेच राहिले. ते व्हार्निश नव्हतं. ड्रमला गुंडाळलेलं सेल्युलॉइडचं आवरणच विरघळायला लागलं होतं. चाळीस वर्षं ट्रकमधून आदळत फिरलेल्या त्या ड्रमला जे झालं नाही, ते तिने दोन मिनिटांत केलं होतं. अंगठ्याएवढी जागा मऊ आणि आंधळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्रम घेऊन तासगावला आली. डाग आपल्या अंगाकडे राहील असा धरून उभी राहिली. मास्तरांनी ड्रम हातात घेतला आणि कंप सुटलेल्या बोटांनी त्याच्याभोवती गोल हात फिरवला. बोटं डागापाशी आली... आणि थांबली.

ती जमिनीकडे बघत राहिली.

"किती दिसांत करणार हुतीस?"

"दोन... चुकलं, मास्तर."

"गाड्यांना लावत्यात ते पॉलिश घे. मऊ कापड घे. रोज वीतभर जागा. जास्त न्हाई."

एवढंच. ना राग, ना समजूत. ड्रम परत तिच्या हातात.

मग ती रोज कामावरून आली की घासायला बसू लागली. कडेचे स्क्रू ज्यांत बसतात ते निकेलचे ठोकळे ड्रमवरून काढायचा तिला कंटाळा, म्हणून त्यांच्यावरच चिकटपट्टी गुंडाळली आणि अगदी त्यांच्या कडेपर्यंत घासायला घेतलं. कापड तपकिरी व्हायचं, ती दुसरं घ्यायची. पिवळं वरच्या वर होतं, हळूहळू उतरत होतं. आठव्या दिवशी आत दडलेली मोत्याची झाक पहिल्यांदा चमकली. दहाव्या दिवशी थिनरचा डागही भरून आल्यासारखा गुळगुळीत झाला. तो बोटाला लागेना, तेव्हा ती एकटीच हसली.

पण समाधान होईना. काम संपलं की ती एक कोरा पांढरा कागद ड्रमला लावून बघायची. रोज कागद जिंकायचा. ती आणखी घासायची. एकविसाव्या दिवशी तिने रंग उडवणाऱ्या रसायनाची बाटली पिशवीत टाकली आणि तासगाव गाठलं.

"पान्हा आण," मास्तर म्हणाले. "आणि खिडकीत स्क्रू ड्रायव्हर हाय."

तिने दोन्ही आणले.

मास्तरांनी ड्रम मांडीवर आडवा घेतला. एकेक स्क्रू ढिला करत काठी पडते ते वरचं पान उतरवलं. हात इतका हलत होता की पान्हा दोनदा निसटला. ती पुढे झाली, तर त्यांनी नुसतं बघितलं. ती मागे सरली. आतल्या बाजूने त्यांनी एका ठोकळ्याचे दोन स्क्रू काढले, चिकटपट्टी सोलली आणि ठोकळा उचलून बाजेवर ठेवला.

"बघ."

"काय बघू?"

"ठोकळ्याखाली ऊन न्हाई, धूर न्हाई. कारखान्यातनं आला तवाचा रंग. कुठनं कुठवर हाय, दाखव मला."

ती वाकली. दोन भोकं दिसत होती. त्यांच्याभोवती ठोकळ्याची कड कुठे संपते ते ती शोधू लागली. ड्रम उन्हात धरला. सावलीत धरला. डोळे बारीक केले...

कड कुठेच नव्हती. ठोकळ्याखालचं आणि तिने घासलेलं, सगळं एकच होतं. ताज्या लोण्याचा रंग, आणि आत मोत्याचे ढग.

"दिसत नाही, मास्तर." तिने भोकांभोवती बोट फिरवून पाहिलं. "म्हणजे... हा पांढरा नव्हताच?"

मास्तर स्क्रू गोळा करत होते.

"म्हणजे झालाय? कधीचा झालाय?"

"त्ये तुलाच ठाव."

तिने मनात दिवस मोजले. निदान आठ दिवस ती झालेलं कामच घासत होती. आज ती बाटली लावली असती तर... तिने पिशवी पायाने लांब सारली, आणि मग तिला हसू फुटलं, ते थांबेना. एकवीस दिवसांचा शीण त्या हसण्यात निघून गेला. मास्तरांच्या मिशाही हलल्या.

"पहिल्याच दिवशी ठोकळा काढून का नाही दाखवलंत?"

"पहिल्या दिशी तू सांगत हुतीस. इचारत न्हवतीस."

बाकीचे चार ड्रम तिने सव्वादोन महिन्यांत केले. आता आधी सगळे ठोकळे काढायची, खालचा रंग डोळे भरून बघायची, मग कापड उचलायची. घासता घासता हात आपोआप थांबायचा. ड्रम घेऊन आली की मास्तर त्याच्याकडे बघतही नसत.

"झाला?"

"झाला."

"ठेव तिथं."

मेळाव्याला तासगावच्या शाळेच्या पटांगणात दीडशे माणसं जमली होती. कुणी तारेवर चाललेलं, कुणी वाघांपुढे उभं राहिलेलं, आता कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र. भर दुपारच्या उन्हात पाच ड्रम झळकत होते, आणि माणसं खुर्च्या सोडून त्यांच्याभोवती गोळा होत होती.

सत्तरी ओलांडलेल्या सरूताई माने पुढे आल्या. वीस वर्षं त्या मास्तरांच्या रोलवर झुल्यावरून उडी घेत आल्या होत्या. ड्रमवर हात ठेवून म्हणाल्या, "हा आपलाच का वो, मास्तर?"

"आपलाच."

"मी आले तवा असाच हुता."

त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि अश्लेषाला म्हणाल्या, "बाय, उडीचा रोल वाजव. मी डोळं मिटते."

अश्लेषाने मास्तरांकडे पाहिलं. ते दुसरीकडेच बघत होते.

तिने काठ्या उचलल्या. आधी पावसाच्या बारीक सरीसारखा, मग भरत, चढत गेलेला रोल पटांगणभर पसरला. बोलणं थांबलं. सरूताईंची बोटं खुर्चीच्या हातांवर आवळली होती. आवाज वर गेला, आणखी वर... दीडशे माणसांनी श्वास धरला.

आणि तिला कळलं. आत्ता.

ती थांबली.

त्याच क्षणी सरूताईंचे दोन्ही हात खुर्चीवरून सुटले आणि हवेत पुढे झाले.

मग सगळं पटांगण उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. सरूताईंनी डोळे उघडले, ते भरलेले होते, आणि त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या. कुणीतरी मास्तरांना खांद्याला धरून हलवत होतं. मास्तर मान खाली घालून आपल्या हातांकडे बघत होते.

गर्दी पांगल्यावर अश्लेषा लगबगीने पिशवीकडे गेली. तिने जाड चादर काढली, आणि ड्रमवर ऊन पडू नये म्हणून ती पसरू लागली.

मास्तर आले. त्यांनी चादर तिच्या हातातून घेतली, घडी घातली आणि काखेत धरली.

"मास्तर, ऊन आहे. रंग जाईल."

"जाऊ दे," मास्तर म्हणाले. "आता तुझ्याकडं वाजून वाजून पिवळे होऊ देत."