तोंडी परीक्षेतलं अलिप्त राष्ट्र

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा! शलाकाचे अर्धे मार्क तिच्या बोरवणकर मॅडमच्या हातात, अर्धे बाहेरून आलेल्या धारवाडकर सरांच्या. आणि या दोघांचं आपसात कायमचं वाजलेलं.

सरांनी ताठ बसून विचारलं, "काय गं, अलिप्ततावादावरचं पुस्तक कुणाचं बरोबर? मॅडमचं की माझं? एकच नाव सांग!"

मॅडमनीही भुवई उचलली. मेले आता!

शलाका म्हणाली, "सर, दोन महासत्तांमध्ये अडकलेलं मी छोटंसं अलिप्त राष्ट्र. बाजू कुणाचीच घेणार नाही. मदत मात्र दोघांकडून घेईन, मार्कांत दिलीत तरी चालेल!"

सर खो खो हसले आणि त्यांनी भरघोस मार्क टाकले. ते बघून मॅडमनी त्याहून जास्त टाकले. महासत्ताच त्या, मागे कशा राहतील? शलाकाचा जीव असला भांड्यात पडला म्हणून सांगू!