कडू घास

टेकडीखालच्या झोपडीत सगुणा आणि तिची आई, दोघीच राहायच्या. आई रुईच्या पानांच्या माळा करून शनिवारी मारुतीच्या देवळापाशी विकायची. पानं खुडताना तिच्या बोटांना पांढरा चीक लागायचा आणि हात कितीही धुतले तरी तिने भरवलेला घास जरासा कडूच लागायचा. सगुणा रोज तोंड वेडंवाकडं करायची.

पण पोर मनाची फार मऊ. ज्या पानावर पट्ट्यापट्ट्यांची इवलीशी अळी असेल, ते पान ती आईला खुडू द्यायची नाही.

एकदा सगुणा तापाने पडून होती. आई एकटीच रानात गेली आणि परत आलीच नाही. दोन दिवस वाट पाहून सगुणा उपाशीपोटी तिला शोधायला निघाली.

भर दुपार होती, तरी रानात एक पाखरू बोलत नव्हतं. रुईच्या झुडपांवर केशरी फुलपाखरं बसली होती. काळे काठ, पांढरे ठिपके, सगळी अगदी एकसारखी. त्यातलं एक दुसऱ्याभोवती घुटमळलं आणि तसंच मागे फिरून तिसऱ्याकडे गेलं.

"तो नवरी शोधतोय," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. "ज्या पहिलीभोवती तो घुटमळला, ती आमच्यातली नव्हती. आम्ही रुई खाऊन वाढतो, म्हणून कडू. पाखरं आम्हाला तोंड लावत नाहीत. ती बिचारी गोड, जीव वाचवायला आमचे रंग पांघरते. लांबून सगळेच फसतात."

सगुणाने वळून पाहिलं. वीतभर उंचीची परी होती. छडीबिडी काही नव्हती तिच्याकडे. केशरी पंख झगमगत होते, पण पापण्या मात्र हलत नव्हत्या. सगुणाला भीती वाटली.

"माझी आई कुठंय?"

"आमच्याकडे. तिने घाईघाईत आमचा कोश तोडला. आत बाळ होतं. पण तू आमची पानं राखलीस, म्हणून तुला आई ओळखायला देते. काही विचारायचं नाही. जिचा हात धरशील, तीच जन्मभर तुझी आई."

फुलपाखरं खाली उतरली आणि सात आया उभ्या राहिल्या. तेच ठिगळाचं हिरवं लुगडं, कपाळावर तोच व्रण, तेच हसू. सातही जणींनी भाकरीचा घास पुढे केला.

पहिला घास गुळासारखा गोड. दुसरा त्याहून गोड. भुकेल्या सगुणाला वाटलं, इथंच बसावं आणि खात राहावं. तिसरा, चौथा, सगळेच गोड. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पाचवा घास जिभेला लागला आणि तिने तोंड वेडंवाकडं केलं.

तिने तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

बाकीच्या सहा जणी हसतहसतच विरळ होत गेल्या. त्यांचे पंख झाले आणि ते उडून गेले.

"कोश बघून पान खुडायला सांग तिला," परी म्हणाली. तिच्या पंखांतून सोनेरी उजेड सांडला, झुडपं न्हाऊन निघाली, आणि उजेड ओसरला तेव्हा ती तिथं नव्हती. रानात पाखरं बोलायला लागली.

घरी आईने भाकरी भाजली. सगुणाला भरवण्याआधी ती हात धुवायला उठली, तशी सगुणाने तिचा पदर धरला.

"आई, हात नको धुऊस," ती म्हणाली आणि तिने तोंड उघडलं.