सटवाजी गुरव आणि डोहाईची पिवळी पूजा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते मला विचारू नका. माझ्या पणजोबांनाही ती ऐकूनच ठाऊक होती. तेव्हा डोहवाडीला जमीन अशी नव्हतीच. हिवाळा सरला की नदी आटायची आणि गाव तिच्या वाळूत आळी करून लाल भोपळे लावायचं. ते भोपळे घरात आढ्याला टांगायचे आणि अख्खा पावसाळा त्यांच्यावर काढायचा. भोपळा आला तर गाव जगलं, असा सरळ मामला होता.

काठावर डोहाईचं देऊळ. तिची पूजा सटवाजी गुरवाकडे, बापाकडून आलेली. एका वर्षी गावात पटकीची साथ आली आणि डोहाईच्या कृपेनं गेली, असं म्हणतात. मग गाव म्हणालं, आईला रोज पिवळी पूजा बांधायची, डोक्यापासून पायापर्यंत नुसती फुलं. पण एवढी फुलं आणायची कुठून? लोक मोठे हुशार! भोपळ्याच्या वेलाला दोन तऱ्हेची फुलं येतात. एकाच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, दुसरं नुसतंच लांब देठावर उभं असतं. लोक म्हणाले, "या देठाच्या फुलाला फळ काही धरत नाही. हीच देऊ आईला." म्हणजे आईही खूश आणि आपल्या पदरचंही काही जात नाही. सटवाजी रोज उजाडताना टोपली घेऊन वाळूत उतरायचा आणि देठाचं एकूण एक फूल खुडून आणायचा.

अन् भोपळे धरेनात. इवली फळं पिवळी पडायची आणि गळायची. पहिल्या वर्षी म्हणाले, नजर लागली. दुसऱ्या वर्षी म्हणाले, पूजा कमी पडली, आणखी फुलं वाहा. तिसऱ्या पावसाळ्यात लोकांनी टाकळ्याच्या पाल्यावर दिवस काढले आणि त्यातच सटवाजीची धाकटी लेक गेली. तो आतून पार मोडला.

देवळामागे उकिरडा होता आणि त्यावर एक वेल आपोआप उगवला होता. उकिरड्यावरचं फूल देवीला चालत नाही, म्हणून त्याला सटवाजीनं कधी हात लावला नव्हता. चौथ्या वर्षी तो तिथं चुलीतली राख टाकायला गेला आणि बघतो तर काय, वेलाला अकरा भोपळे! मग रोज सकाळी तो तिथं जाऊन बघत राहिला. भुंगा देठाच्या फुलात शिरायचा, पिवळ्या भुकटीत लोळायचा आणि तसाच माखलेला फळाच्या फुलात उतरायचा. जिथं तो उतरला, ते फळ फुगायचं. सटवाजीनं फळाच्या एका फुलावर फडकं बांधून ठेवलं, तर ते फळ गळलं. एक वेडावाकडा भोपळा त्यानं चिरून पाहिला. फुगलेल्या बाजूला टपोऱ्या बिया होत्या आणि सुकलेल्या बाजूला नुसती पोकळ टरफलं. तेव्हा त्याला उमजलं. ती पिवळी भुकटी फुलाच्या तोंडातून खाली पोटात उतरते, तिथं बी धरते, आणि बी धरली तरच तिच्याभोवती भोपळा वाढतो. आपण तीन वर्षं टोपलीभरून भोपळ्यांचे बापच खुडत होतो.

दुसऱ्या दिवशी डोहाई उघडी बसली. गावचे शिदोजी पाटील तणतणत आले.

"गुरवा, आईची फुलं कुठायत?"

"वेलावर, पाटील. महिनाभर तिथंच राहू द्या."

"डोकं फिरलं का तुझं? आई कोपली म्हणजे?"

"कोपायची असती, तर उकिरड्याला भोपळे दिले असते का तिनं?"

पाटलांना मिरच्या झोंबल्या. "आठ दिवस देतो," ते म्हणाले. "भोपळा धरला नाही, तर तुझी पूजाही गेली आणि गावही सुटलं समज!"

सटवाजी वाळूत उतरला. पण भुंगे कुठे होते? तीन वर्षं वाळूत देठाची फुलंच नाहीत म्हटल्यावर, उकिरड्यावरचे एकदोन सोडले तर बाकीचे कधीच दुसरीकडे गेले होते. मग त्यानं देठाचं एक फूल खुडलं, पाकळ्या मागे सारल्या आणि त्याची भुकटी फळाच्या फुलाला टेकवली. देवाला गंध लावावं तशी, मंत्र म्हणत. ऊन चढलं की फुलं मिटतात, म्हणून तो धावत या आळ्यावरून त्या आळ्यावर जायचा. असं म्हणतात, की तिसऱ्या दिवशी तो एकाच वेळी दोन्ही काठांवर दिसला. असं म्हणतात, की पाचव्या दिवशी पलीकडच्या रानातून भुंगे आले आणि घोंघावत त्याच्या मागून चालले.

आठव्या सकाळी गाव वाळूत आलं. वेलावेलावर मुठीएवढे भोपळे धरले होते. सटवाजी मात्र कुठंच नव्हता. पाटील अनवाणी धावले. "सटवाजी, ये रे बाबा! पूजा तुझीच!" म्हणून ओरडत राहिले. ओ आली नाही.

कुणी म्हणतं, तो भुंगा झाला. कुणी म्हणतं, देवीनं पोटात घेतला. मला विचाराल, तर टाकळा खाऊन राहिलेलं शरीर ते, त्या उन्हात किती तगणार? पण सापडला नाही, हे खरं.

आजही डोहवाडीत वेल फुलले की महिनाभर डोहाईला कुणी फूल वाहत नाही. घरटी एक माणूस उजाडताना वाळूत जातो आणि फुलाला फूल टेकवतो. तेवढा महिना देवीपुढच्या गुरवाच्या पाटावर कुणी बसतही नाही. नवी सून आली की विचारतेच, "आई अशी उघडी का? गुरव कुठे गेले?"

सासू सांगते, "वेलांकडे गेलेत. येतील."