नाव न घेतलेला तांडेल

एका राज्यात, जिथली लाट न् लाट मला नावाने ओळखते (बरे, एकच लाट ओळखते, आणि तीही मला पाहून तोंड फिरवते), गोजरा नावाची तांडेलीण राहत होती. तांडेल म्हणजे जहाजाचा म्होरक्या. हिचा तांडेल राजाच्या हुकमाने समुद्रावर गेला, तो दोन पावसाळे उलटले तरी आला नाही.

त्या राज्यात समुद्रावरची पत्रे पाणकावळे नेत. त्यांना वाचता येई, बोलता येई, आणि न विचारता स्वतःचे मत घालायची वाईट खोड होती. तुमच्या आमच्यात ती नाही, हे आपले नशीब!

गोजराने पत्र लिहिले. ‘अहो, छप्पर उडाले. शेळी खिडकीतून आत येते. सासूबाई रोज कालवणात मीठ जास्त म्हणतात आणि दोनदा वाढून घेतात. यायचे आहे की नाही?’

पाणकावळा गेला आणि चोचीत मावेना एवढी उत्तरे घेऊन आला. एकाने लिहिले, शेळी विक. दुसऱ्याने लिहिले, मीठ कमी घाल. तिसऱ्याने लिहिले, आईला मामाकडे पाठव. एका निर्लज्जाने विचारले, तू दिसायला कशी आहेस?

गोजराने कपाळावर हात मारला. “मेल्या, पत्र दिलंस तरी कुणाला?”

“अहोंना,” पाणकावळा म्हणाला. “मी डोलकाठीवर बसून ‘अहो’ म्हणालो. सगळे उठले.”

आता बाईमाणसाने नवऱ्याचे नाव घेऊ नये, घेतले तर त्याचे आयुष्य घटते, असा त्या राज्याचा रिवाज. म्हणून तिने दुसऱ्या पत्रात खुणा लिहिल्या. ‘जे घोरतात, जे हट्टी आहेत, ज्यांना बाजारात पाठवले तर गप्पा मारून रिकामी पिशवी आणतात, त्यांनी ताबडतोब निघावे. छप्पर अजून तसेच आहे.’

पाणकावळा परत आला. “सगळ्यांनी हात वर केले,” तो म्हणाला. “काहींनी दोन्ही.”

“अरे, पण स्वतःची बायको कोणती हे एकालाही कळू नये?”

“कसं कळणार? त्यांना शाप आहे.”

“शाप? आणि हे तू आत्ता सांगतोस?”

“तू विचारलंस कुठे?”

गोजराने लाटणे उचलले, तेव्हा तो भराभरा बोलला. कर्कट मांत्रिकाच्या बेटावर सोन्याचा हंडा होता. राजाला त्याचा लोभ. खलाशांनी हंडा उचलला आणि प्रत्येकजण आपले नाव विसरला. नाव गेले तसे कामही गेले. सुकाणू कोणाचे, शीड कोणाचे, कोणालाच ठाऊक नाही. जहाज बेटाभोवती गरगर फिरते आहे. वारा उलटला की खडकावर फुटेल. आणि वारा उलटायला आला आहे.

“उपाय?” गोजराने विचारले.

“जिने ज्याचं नाव कधीच घेतलं नाही, तिच्याकडून ते आलं तर त्याचा शाप तुटेल.”

उंबऱ्यावर कोलंबी सोलणाऱ्या सासूबाई गरजल्या, “हात्तिच्या! मी लिहिते. लखमोजी! लखम्या! लख्या!”

“तुमच्या तोंडी ते सकाळ-संध्याकाळ असतं, आजी. चालायचं नाही.”

गोजराने बोरू उचलला. ‘ल’ लिहिला नि खोडला. पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला. “सासूबाई, नाव घेतलं तर त्यांचं आयुष्य घटतं म्हणतात.”

“आणि न घेतलं तर उरतंय कुठलं?” सासूबाई म्हणाल्या. “लिही.”

मग मात्र गोजराला संताप आला. छपराचा, शेळीचा, राजाच्या हंड्याचा, सगळा एकदम आला. तिसऱ्यांदा तिने बोरू असा टेकवला की कागदाला भोक पडले. ‘लखमोजी! घरी या!’

एवढेच लिहिले. पाणकाव‌ळ्यानेही या वेळी मत दिले नाही.

जहाजावर त्याने कागद उलगडला, तशी नावाची चार अक्षरे कागदावरून मासोळीसारखी उसळली आणि दाढी वाढलेल्या एका खलाशाच्या तोंडात शिरली. त्याने ती गिळली, ढेकर दिला आणि उभा राहिला. “सुकाणू माझं. बाजूला व्हा.” हंडा त्याने लाथेने समुद्रात लोटला. बेटावर कर्कट मांत्रिक हात आपटीत ओरडला, “या राज्यातली बायको नाव घेणार नाही, या भरवशावर मी शाप बांधला होता!” आणि फेस होऊन विरघळला.

जहाज बंदरात आले. बाकीचे खलाशी अजून खुळ्यासारखे बघत होते. गोजराने किनाऱ्यावरच्या बायकांना नुसती मान हलवून खूण केली. मग काय विचारता! जिने तिने आपापल्या धन्याचे नाव असे ठणकावले की सासवांनी कानात बोटे घातली आणि बगळे तीन कोस उडाले. एकेक खलाशी नाव ऐकून भानावर आला आणि आपापल्या घरी चालू लागला. राजा हंडा मागायला आला होता. राणीने त्याचेही नाव घेतले, तसा तो पालखीत जाऊन बसला.

त्या दिवसापासून त्या राज्यात नाव घेतल्याने कोणाचे आयुष्य घटले नाही. काहींचा थाट तेवढा घटला.

गोजरा कमरेवर हात ठेवून लखमोजीपुढे उभी राहिली. डोळ्यांत पाणी होते, पण जीभ कोरडी होती.

“तीन पत्रं लिहिली मी. हात दुखला, बोरू झिजला. तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर नाही!”

लखमोजीने खांद्यावरची वळकटी खाली ठेवली.

“तिन्ही पत्रं कान देऊन ऐकली, गोजरा. छप्पर होतं, शेळी होती, आईचं मीठ होतं. ‘तुम्ही कसे आहात’ हे त्यातल्या कुठल्या पत्रात होतं?”