एका गोफाचे दोन

“गोफ मोडला म्हणून सांगून टाकू का, बाबा?”

दीपराजने दारातूनच विचारलं. तो कॉलेजात डीएनए शिकवतो; गावच्या शिगम्यातला, होळीच्या सणातला गोफ मात्र याच येसोबाबांकडून शिकलेला. वरून टांगलेले सोळा रंगीत दोर धरून सोळा जण नाचता नाचता विणतात, तो गोफ. आठ बाहेरच्या फेरीत, आठ आतल्या. चार वाजता मांडावर, गावाच्या नाचाच्या पटांगणात, तो उभा राहायचा होता.

पण सकाळी तालमीत दीपराजने आतल्या फेरीला अडाणी म्हटलं, आणि ते आठही जण नदीपलीकडच्या गावी निघून गेले.

“उरलेल्यांना फक्त बाहेरची पावलं येतात,” तो म्हणाला. “मलाही. अर्धा गोफ कुणी बघितलाय?”

बाबा उठले. काठी भिंतीला टेकवली, एक हात वर धरला, आणि ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांनी बाहेरची पावलं टाकू लागले.

ते अंगावर आले तसा दीपराज डावीकडे सरला. ते वाकले, तेव्हा याचा हात त्यांच्यावरून गेला… अख्खी फेरी झाली.

“ही आतली पावलं तुला कुणी शिकवली?”

“कुणी नाही…”

“मग?”

“तुम्ही समोर होता. दुसरीकडे पाऊल टाकायला जागाच नव्हती.”

“आणि कॉलेजात काय शिकवतोस रे, प्रोफेसर?”

दर वर्षी दीपराज फळ्यावर हेच काढायचा. एकमेकींभोवती पिळलेल्या डीएनएच्या दोन साखळ्या. ए समोर टी, जी समोर सी. साखळ्या सुटतात, आणि प्रत्येक जुनी साखळी आपल्यासमोर नवी जोडीदार उभी करते.

तो धावतच सुटला. उरलेल्या आठांसमोर त्याने आठ नवे उभे केले. कुणाची बायको, कुणाचा मेहुणा. चुकलं की खांद्यावर खांदा आपटायचा आणि पाऊल तिथल्या तिथे सुधारायचं.

चार वाजता गोफ शेवटच्या गाठीपर्यंत वळला. मांडावर कुणी बसून राहिलं नाही.

तेवढ्यात नदीपलीकडून, गोफ पुरा झाला की वाजतो तो ढोल ऐकू आला. गेलेल्या आठांनीही तिथे आपापल्यासमोर माणसं उभी केली होती, आणि तिथलाही गोफ पुरा झाला होता.

दीपराजच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बाबा, इथेही आठ जुने, तिथेही आठ जुने. मग आपला जुना गोफ कुठला? हा, की तो?”

बाबा दोन्हीकडचे ढोल ऐकत राहिले… मग हसले.

“नवा कुठला, तो दाखव आधी.”